पिसवांची खोली

माझ्या मावशीच्या हातात काहीही दिलं की ती आधी ते उजेडात धरून बघते. भेट आलेला रुमाल असो, नवा अभ्रा असो, नाहीतर नातीने काढलेलं चित्र असो. सवयच आहे तिला. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिने उभा जन्म काढला. धुऊन आलेली चादर खिडकीपुढे धरायची, डाग राहिला असेल तर परत पाठवायची, भोक असेल तर रफू करायचं आणि अगदीच विरली असेल तर तिची फडकी करायची, हे तिचं काम. तिच्या हाताखालून गेलेल्या चादरीबद्दल कधी कुणी ब्र काढला नाही, असं ती सांगते. ते खरं असणार, कारण मावशीला फुशारकी मारता येत नाही. आली असती तर बरं झालं असतं. घरात थोडी तरी किंमत राहिली असती.

मी तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बायकांना मोटार चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबायचा, हा माझा धंदा. त्याने माझा स्वभाव तापट झाला असं लोक म्हणतात. तो आधीपासूनच तापट होता. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी दादाबद्दल बोलणार आहे आणि गोड बोलणार नाही.

दादा म्हणजे मावशीचा एकुलता एक मुलगा. त्याचं कुलपांचं दुकान आहे. किल्ल्या घासून देतो, लोकांची अडकलेली दारं उघडून देतो. माणूस सज्जन. आवाज चढवत नाही, व्यसन नाही, आईला उलट उत्तर नाही. पण कुठलीही अडचण आली की त्याला इलाज एकच सुचतो, दार ओढून घ्यायचं आणि कुलूप ठोकायचं. मुलीने लिमलेटच्या गोळ्या फार खाल्ल्या, कपाटाला कुलूप. गच्चीवरून शेजाऱ्यांशी कुरबुर झाली, गच्चीला कुलूप. त्या घरात मिठाची बरणी तेवढी मोकळी होती, आणि ती कशी राहून गेली याचं मला नेहमी नवल वाटायचं.

मावशीची खोली घराच्या मागच्या बाजूला. लाकडी फळ्यांची जमीन, एक पलंग, शिवणयंत्र आणि खाली गल्लीत उघडणारी खिडकी. पलंगाशेजारी तिने स्वतः केलेला जाड गालिचा. इस्पितळातून बाद झालेल्या चादरींच्या पट्ट्या वेणीसारख्या गुंफून तिने तो केला होता. त्याच्यावर एक कानफाटका बोका झोपायचा. खिडकीतून एकदा आत आला तो गेलाच नाही. मावशी त्याला साहेब म्हणायची, कारण तो कुणालाही न विचारता यायचा, जायचा आणि खायचा. शाळेतून आली की तिची नात छकुली दप्तर टाकून थेट त्या खोलीत पळायची. आजीच्या पलंगावर आडवी व्हायची, साहेब तिच्या पायाशी. मावशी यंत्रावर बसून काहीतरी शिवत असायची. मी कधी गेले तर हे असंच दिसायचं, आणि मला मांजरं आवडत नाहीत तरी तिथून लवकर उठावंसं वाटायचं नाही.

मग छकुलीच्या घोट्यांवर लाल पुरळ उठायला लागलं. ओळीने, जवळजवळ. पोर खाजवून खाजवून रक्त काढायची. आधी डासांवर खापर फुटलं, मग साबणावर, मग ढेकणांवर. वहिनीने सगळ्या गाद्या उलटून पाहिल्या. वहिनी धुळीचा कणही खपवून न घेणारी. तिच्या स्वयंपाकघरात पाय ठेवताना मला स्वतःच्या चपलांची लाज वाटते. अशा बाईला एक दिवस छकुलीच्या पांढऱ्या मोज्यावर काळा ठिपका दिसला, तिने बोट टेकवलं आणि ठिपका उडाला.

"पिसवा!" वहिनी ओरडली. "माझ्या घरात पिसवा!"

त्यानंतर तिथे जे रामायण झालं ते मला मावशीने तुकड्यातुकड्याने सांगितलं. साहेब खाली जिन्याखाली भटक्या मांजरांत बसायचा, तिथून त्याने पिसवा आणल्या, यात शंका नव्हती. मावशीने ते कबूलही केलं. वहिनी म्हणाली, बोका आज घराबाहेर गेला पाहिजे. आणि आयुष्यात कधी नव्हे ती मावशी म्हणाली, "तो गेला तर मीही जाते."

तिला वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, असं काय बोलता आई. पण वहिनी म्हणाली, "मग थोडे दिवस दोघंही जाऊन या ना, आई. पोरीकडे बघवत नाही हो."

पोरीकडे खरंच बघवत नव्हतं. म्हणून मावशी मूग गिळून बसली आणि तिने बॅग भरली.

दादा तिला माझ्याकडे सोडायला आला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात झाकणाची टोपली, टोपलीत साहेब शिव्या दिल्यासारखा ओरडत होता. दादाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "चार दिवसांचा प्रश्न आहे गं. खोली मी कडेकोट बंद केलीय. दाराखालच्या फटीतसुद्धा कापड कोंबलंय. खायला काही मिळालं नाही की उपाशी मरतील सगळ्या. मेल्या की लगेच न्यायला येतो."

"नक्की?" मी विचारलं.

"म्हणजे काय! आई आहे ती माझी," दादा म्हणाला.

माझं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्याच दिवशी मला कळलं की मावशी, साहेब आणि बॅग यांच्याबरोबर पिसवाही राहायला आल्यात. मी चवताळले. मावशी खजील झाली, आणि ती खजील झालेली मला बघवेना, म्हणून मी साहेबाला टोपलीत कोंबून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी मांजरांचं औषध दिलं. मानेच्या मागे, जिथे त्याची जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून कातडीवर टेकवायचं. कुत्र्याचं औषध चुकूनही लावू नका, मांजराच्या जिवावर बेततं, असं त्यांनी बजावलं. आणि म्हणाल्या, खरं काम घरात आहे. पिसू मांजराच्या अंगावर अंडी घालते, पण अंडी घरभर सांडतात. फटीत, गादीच्या शिवणीत, कोपऱ्यात. रोज झाडा, रोज पुसा, अंथरूण कढत पाण्यात धुवा, कंटाळू नका.

कंटाळा हा शब्द मावशीला माहीत नव्हता. सकाळी खिडकीपाशी पांढरी चादर पसरायची, तिच्यावर साहेबाला घ्यायचं आणि बारीक दातांचा कंगवा शेपटीपासून मानेपर्यंत फिरवायचा. कंगव्यात अडकलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची. एखादी निसटली तर दोन अंगठ्यांच्या नखांत धरून चिरडायची. बारीक कट्ट असा आवाज यायचा. त्या वेळी तिच्या तोंडावर जो भाव असायचा तो मी एरवी कधी पाहिला नाही. संध्याकाळी घरी आले की मी कपाटं ओढायची आणि धूळ खेचायचं यंत्र फिरवायची. पिशवी लगेच बाहेर टाकून यायची, नाहीतर आतल्या परत बाहेर येतात. सोफ्याखाली मला जे काय सापडलं त्यात पिसवांपेक्षा माझ्या आळसाचा वाटा मोठा होता. मी कुरकुरत होते, साहेबाला टोमणे मारत होते, तो तोंड फिरवून बसत होता. पण पिसवा कमी झाल्या. मग एखादीच दिसायला लागली. मग दिसेनाशी झाली.

दादाच्या घरी मात्र त्या संपत नव्हत्या.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. तो गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे चढवायचा, कुलूप काढायचा, खोलीत दाणदाण पाय आपटत एक फेरी मारायचा, बाहेर येऊन मोज्यांवरचे काळे ठिपके बघायचा, ते झटकून परत कुलूप लावायचा.

"अजून आहेत गं आई," तो सांगायचा. "आज तर जास्तच वाटल्या. पुढच्या रविवारी बघू."

मागून छकुलीचा आवाज यायचा, "आजी, साहेब काय करतो? तू कधी येणार?"

"पिसवा मेल्या की येणार," मावशी सांगायची.

ती दर शनिवारी संध्याकाळी बॅग भरून ठेवायची. घड्या घातलेले कपडे, चष्म्याची डबी, छकुलीसाठी शिवलेलं काहीतरी. रविवारी फोन झाला की निमूट सगळं परत काढून माझ्या कपाटातल्या एका खणात लावायची. तो खण मी तिला कधीच मोकळा करून दिला होता, पण ती नेहमी अर्धाच वापरायची. मी तिला घराची किल्लीसुद्धा देऊ केली. ती म्हणाली, "चार दिवसांच्या पाहुणीला किल्ली कशाला?"

त्यामुळे व्हायचं काय, तर ती खाली दुकानात गेली आणि मला यायला उशीर झाला की ती जिन्यात बसून राहायची. एकदा मी आले तर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली. शेजारचे लोक वळसा घालून जात होते. मी वाटेल तसं बोलले. इस्पितळात कामाला होतीस की तुरुंगात, एवढी कसली भीती बाळगतेस, असंही बोलले. ती म्हणाली, "ओरडू नकोस गं, लोक बघतात." मला रडू आलं ते मी दार उघडायच्या निमित्ताने तिच्याकडे पाठ करून लपवलं.

साहेबाच्या औषधाची वेळ पुन्हा आली तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना सहज विचारलं, की बंद खोलीत उपाशी राहून या पिसवा इतके दिवस जगतात तरी कशा?

बाईंनी साहेबाची मान सोडून माझ्याकडे पाहिलं. "खोली रिकामी ठेवलीय?"

"अगदी कडेकोट."

"अहो, मग संपणार कशा?" त्या म्हणाल्या. अंड्यातून अळी निघते, अळीचा कोश होतो, त्या कोशात पिसू तयार होऊन गप्प बसून राहते. महिनोन्‌महिने. फवारणीसुद्धा आत पोचत नाही. कुणाची तरी चाहूल लागेपर्यंत ती बाहेरच येत नाही. पावलांचे धक्के लागले, अंगाची ऊब आली की कोश फोडून उडी मारते. "खोली उघडा. कुणीतरी राहा तिथे, रोज चाला, रोज झाडा. आणि या बोक्याला तिथेच ठेवा. याच्या अंगावर औषध आहे, याला चावेल ती मरेल. तोच तुमचा इलाज आहे, आणि तुम्ही त्यालाच बाहेर काढून बसलात!"

मी घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात दादाला इतक्या वेळा बावळट म्हटलं की जीभ दुखायला हवी होती. पण खरं सांगते, मला आनंदही झाला होता. इतकं सोपं निघालं होतं ते. तो दर आठवड्याला जाऊन पाय आपटून थोड्या जाग्या करत होता आणि बाकीच्या पुढच्या खेपेसाठी सांभाळून ठेवत होता. त्याच्या धंद्यातल्या माणसालाच सुचावा असा मूर्खपणा. मावशीला सांगितलं तेव्हा ती आधी खुदकन हसली. मग म्हणाली, "म्हणजे मी गेले की संपतील?"

"तू आणि साहेब गेलात की."

त्या रविवारी आम्ही फोनची वाट बघितलीच नाही. बॅग भरलेली होतीच. साहेब टोपलीत. मी धूळ खेचायचं यंत्र गाडीत टाकलं आणि मावशीला घेऊन गेले.

छकुली पळत आली. मावशीने तिला जवळ घेतलं आणि सोडेचना. दादा गोंधळला होता, वहिनी टोपलीकडे बघत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कोश, चाहूल, ऊब, औषध. मला वाटतं मी बऱ्यापैकी नीट सांगितलं. शिकाऊ बायकांना क्लच समजावते तितक्या सबुरीने.

"असं आहे होय," दादा म्हणाला, आणि किल्ली घेऊन मागे निघाला.

दारावर त्याच्या दुकानातलं पितळी कुलूप होतं, मुठीएवढं. आईच्या खोलीसाठी त्याने चांगल्यातलं चांगलं काढलं होतं. कुलूप निघालं, फटीतलं कापड ओढून काढलं, दार उघडलं. आत कोंडलेला वास. गालिचा होता तसाच पडलेला, यंत्रावर धुळीचा थर. आम्ही उंबऱ्याशी थांबलो. मावशी मात्र सरळ आत गेली. मोजे नाहीत, काही नाही. पलंगापाशी गेली, मग खिडकीपाशी, आणि खिडकी उघडली.

ती वळली तोवर तिच्या उघड्या पोटऱ्या काळ्या ठिपक्यांनी भरायला लागल्या होत्या. गालिच्यावरून, फळ्यांच्या फटींतून त्या उड्या मारत होत्या. मला उंबऱ्यावरून दिसत होतं.

"आजी, तुझ्या पायांवर!" छकुली ओरडली आणि आत धावली.

"लांब राहा गं बाळ, चावतील," मावशीने हात पुढे करून तिला अडवलं. मग ती दादाला म्हणाली, "मी राहते आजपासून इथे. हा गालिचा फेकून दे, त्यात जीव अडकवून काही उपयोग नाही. रोज झाडीन. साहेब हिंडेल खोलीत. छकुलीला तेवढे दिवस आत येऊ देऊ नकोस. मला चावल्या तर चावू देत थोडे दिवस, त्याने काही मी मरत नाही."

इतकं सलग बोलताना मी तिला क्वचितच ऐकलंय.

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "आई, या वयात असला त्रास कशाला काढता? बंदच राहू दे ना अजून थोडे दिवस. आणि तुमचं तिकडे छान चाललंय की. तब्येतसुद्धा सुधारलीय."

"बंद ठेवली तर संपणार नाहीत, वहिनी," मी म्हणाले. "आत्ताच सांगितलं ना मी?"

"हो, सांगितलंत," वहिनी म्हणाली.

मी दादाकडे बघत होते. तो मूर्ख नाही. गुंतागुंतीच्या कुलपाच्या आत कुठे काय अडलंय ते नुसत्या बोटांनी ओळखणारा माणूस आहे तो. मी सांगितलेलं त्याला शब्दन्‌शब्द कळलं होतं. तो आत गेला, पोटऱ्यांवर पिसवा चढल्या तसा चटचट पाय उचलत खिडकीपर्यंत गेला आणि त्याने खिडकी लावली. आईच्या कोपराला धरून तिला हलकेच बाहेर आणलं. दार ओढलं. फटीत कापड कोंबलं. कुलूप लावलं आणि नीट बसलंय ना ते दोनदा ओढून पाहिलं.

"पुढच्या रविवारी बघू, आई," तो म्हणाला.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. छकुली समोर होती एवढं तरी भान मला राहायला हवं होतं. दादा खाली मान घालून ऐकत राहिला आणि हातातली किल्ली खिशात टाकली. त्या क्षणी मला त्याचा जितका तिरस्कार वाटला तितका कुणाचाच कधी वाटला नाही, आणि तो आजही उतरलेला नाही. वहिनीचं मी समजू शकते. मावशी काही तिची आई नव्हती.

मावशी जिन्याच्या तोंडाशी आली. तिथे उभी राहून तिने पाय झटकले, कपडे झटकले. छकुली जवळ आली तर पुन्हा हात पुढे करून म्हणाली, "नको गं, असतील अजून अंगावर." आणि पोरीला जवळ न घेताच जिना उतरली.

गाडीत मीच बडबडत होते. वकील गाठू, त्या घरात तुझाही हक्क आहे, कुलूप तोडू, मी स्वतः तोडते. साहेब टोपलीत गप्प होता. मावशी बाहेर बघत बसली होती. एका वळणावर तिने डाव्या बाहीवरून काहीतरी चिमटीत उचललं आणि काचेच्या उजेडात धरलं. पिसू होती.

"इतके दिवस उपाशी," ती म्हणाली. "त्या घरात माझी वाट पाहिली ती हिनेच."

मग तिने ती दोन नखांत धरली. कट्ट आवाज झाला. तिने रुमालाला नखं पुसली.

मी गाडी बाजूला घेतली. रस्ता नीट दिसत नव्हता मला. मावशी म्हणाली, "थांबलीच आहेस तर बघ, इथे कुठे किल्ल्या करून मिळतात का. तुझ्या दाराची एक मला करून घेऊ."

मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

"त्याच्या दुकानातली नको," ती आतून म्हणाली.